चौथा रकाना

त्या वर्षी आमच्या घरात एकतीस पुस्तकं आली आणि त्यातलं एकही आमचं नव्हतं. आमच्याकडे छापील म्हणून एकच वस्तू होती, आप्पांचं पंचांग, तेही गुरवानं वापरून जुनं झालेलं. बाकी कागद म्हणजे कापसाच्या चिठ्ठ्या आणि पटवाऱ्याच्या पावत्या, माय त्या छपराच्या वाशात खोचून ठेवायची. अशा घरात ती आली, आणि शेवटचं एक सोडून सगळी वाचून परत गेली. आकडा इतका नक्की सांगता येतो, कारण यादी मी ठेवत होते. तेव्हा मी अकरा वर्षांची होते.

टेंभुर्णीतलं आमचं घर धाब्याचं, चार खणांचं. पुढे ओटा, मागे गोठा, आणि मधल्या खणात जातं. पहाटे जात्याची घरघर सुरू व्हायची ती थांबेपर्यंत उजाडलेलं असायचं. मग भाकरी थापल्याचा आवाज, त्यात मधूनच बैलांच्या गळ्यातल्या घाट्या, आणि गावाच्या वरच्या अंगाला मशिदीतली बांग. जेवण रोज तेच. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाची चटणी. सणाला पुरण. आप्पा फार बोलत नसत. थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळेच अण्णा म्हणायचो, जालन्याला शिकायला होता आणि सुटीत आला तरी अर्धा वेळ बाहेरच असायचा. घरात बोलायला बायकाच होत्या, मी, माय आणि वहिनी.

वहिनी इंग्रजी हद्दीतली. तिचं माहेर देऊळगावचं, तसं जवळच. सकाळी बैलगाडी जुंपली की दुपारच्या भाकरीला पोचता यायचं. पण मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता आणि नाक्याच्या अलीकडे निजामाचं राज्य होतं. तिच्याकडचे लोक आमच्या मुलखाला मोगलाई म्हणायचे. ती तिकडे मराठी सातवी झालेली. तिच्या शाळेत म्हणे प्रत्येक मुलीनं वर्षभरात काय वाचलं याची वही ठेवायची असायची. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा तिच्या ट्रंकेत अशी एक कोरी वही होती. पण इथे वाचायला काही नव्हतं. वाचनालय काढायचं तर वरून परवानगी लागायची आणि ती मिळायची नाही. सहा महिने ती वही तशीच पडून होती.

पुस्तकं आणली मैनाबाई कासारणीनं. मैनाबाई आमच्याच गावची, रंगानं काळीसावळी, उंच. नवरा लवकर गेला होता, एक मुलगा होता. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती आठवड्याला हद्द ओलांडायची, देऊळगावचा बाजार करायची आणि परत यायची. नाक्यावरचे शिपाई सगळ्यांचं सामान उपसायचे, पण बांगड्यांच्या टोपलीत हात घालायला कचरायचे, कारण एक माळ फुटली तर ती बाई तिथंच बसून रडायला लागायची. वहिनीनं तिच्या हाती माहेरी निरोप दिला आणि पुढच्या बाजारी टोपलीच्या तळाशी फडक्यात बांधलेली दोन पुस्तकं आली. मैनाबाईला अक्षरओळख नव्हती. पुस्तक हातात देताना ती म्हणाली, "हे जाड हाय ते बरं का हे बारीक हाय ते? म्या आपली दोन्ही आणली."

वहिनीनं त्या दिवशी वही काढली. पट्टी नव्हती म्हणून लाटणं ठेवून तिनं रेघा ओढल्या. पाच रकाने. अनुक्रम, पुस्तकाचं नाव, किती दिवसांत वाचलं, कोणाकडून आलं, आणि आपलं मत. मग वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "गोदाताई, अक्षर तुमचं चांगलं आहे. हे काम तुमच्याकडे." मला कोणी आयुष्यात पहिल्यांदा काम म्हणून काही दिलं होतं, आणि तेही लिहिण्याचं. बोरूनं मी पहिली ओळ लिहिली आणि दिवसभर ती वाळली की नाही ते बघत राहिले.

दुपारी वहिनी मोठ्यानं वाचायची. माय डाळ निवडत बसलेली असायची. ती या सगळ्याला "तुमची थेरं" म्हणायची. पण वहिनीला कोणी हाक मारली आणि ती उठून गेली की माय हळूच विचारायची, "मंग त्या पोरीचं काय झालं गं? सासरी धाडली का न्हाई?" एकदा एका कादंबरीतलं बाळ दगावलं तेव्हा मायनं सूप खाली ठेवलं आणि गोठ्यात जाऊन आली. मायची दोन लेकरं माझ्या आधी गेलेली होती. पाचव्या रकान्यात मी लिहिलं, "मायला आवडले नाही." वहिनी ते वाचून खूप हसली आणि मग तिनं गोठ्याकडे पाहिलं.

गोष्टी, प्रवासाची वर्णनं, एका डॉक्टरनं बायकांसाठी लिहिलेलं आरोग्याचं पुस्तक, लोणची कशी घालावीत त्याचं एक, देशासाठी तुरुंगात गेलेल्या माणसांची दोन चरित्रं. असं जे येईल ते आम्ही वाचत होतो. लोणच्यांचं पुस्तकही वहिनीनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. यादीत त्याला अकरावा क्रमांक आहे. मत, "फार मोहरी."

दिवाळीच्या आसपास अण्णा जालन्याहून परत आला नाही. निरोप आला की तो शाळा सोडून हद्दीपलीकडे गेला आहे, तिकडे त्याच्यासारखी पुष्कळ मुलं जमली आहेत. गावातलं वारं बदललं होतं. रझाकारांचे घोडे मधूनमधून गावातून जायचे आणि ते गेले की बायका दारं लावून घ्यायच्या. एका संध्याकाळी नाक्याची चौकी कोणीतरी पेटवली आणि त्यात अण्णाचं नाव आलं.

पुस्तकं मात्र येतच राहिली, उलट जास्त येऊ लागली. फरक एवढाच झाला की पुस्तक आलं की वहिनी आधी ते घेऊन आतल्या खणात जायची आणि थोड्या वेळानं बाहेर आणून मला द्यायची. असंच एकदा ती बाहेर आली, डोळे लाल होते. म्हणाली, "गोदाताई, आजपासून चौथा रकाना नका भरू. रिकामा राहू द्या."

"का?"

"उगीच. कंटाळा येतो वाचायला. सगळीकडे तेच नाव."

कारण मला पटलं नाही. पानभर भरलेली काळी अक्षरं आणि मध्येच एक पांढरा पट्टा, ते मला फार कुरूप दिसायचं. मी दोन-तीन वेळा रिकामा सोडला. मग एका दुपारी, वहिनी नदीवर धुणं धुवायला गेली होती तेव्हा, मागचे सुटलेले सगळे भरून काढले. पुढेही भरत राहिले. वहिनीनं वही परत उघडून पाहिली नाही. माझ्यावर सोपवलेलं काम ती तपासत नसे.

पुस्तकांतून अण्णाच्या चिठ्ठ्या येत होत्या हे मला पुष्कळ वर्षांनी वहिनीनं सांगितलं. पुठ्ठ्याच्या आत, शिवणीत घातलेल्या. वाचल्या की ती चुलीत घालायची.

झडती आली ती सकाळी. माय भाकरी करत होती, तव्यावर एक होती आणि काठवटीत पिठाचा गोळा. अमीन आणि आठ-दहा शिपाई. अमीन म्हणजे पोलिसांचा अंमलदार, जाफराबादहून आला होता. तो ओट्यावरच्या बाजेवर बसला आणि शिपाई घरात शिरले. कणगीतली ज्वारी त्यांनी खाली ओतली, वैरणीत काठ्या खुपसल्या, वहिनीची ट्रंक अंगणात उलटी केली. आप्पांना दोघांनी खांबापाशी धरून उभं केलं होतं. अण्णा घरात नव्हताच, त्यामुळे सापडण्यासारखं काही नव्हतं. आलेलं शेवटचं पुस्तक मायनं शिपाई दारात दिसताच चुलीत सारलं होतं. ते अर्धंच वाचून झालं होतं. वही मात्र देवळीत उघडी पडलेली. ती कोणाला लपवावीशी वाटलीच नव्हती.

अमीनला मराठी बोलता यायचं थोडं, वाचता येत नव्हतं. पटवारी गावी नव्हता. मग त्यानं शाळेतून करीम मास्तरांना बोलावून आणलं.

करीम मास्तर माझे मास्तर. आमच्या शाळेत चौथीपर्यंत वर्ग होते, उर्दू सगळ्यांना शिकावी लागायची, आणि मुली आम्ही तिघीच. मास्तर औरंगाबादकडचे, पण मराठी आमच्यासारखीच बोलायचे, गणितही मराठीत समजावून द्यायचे. त्यांची एक पद्धत होती. एकानं उभं राहून धडा वाचायचा आणि बाकीच्यांनी बोट ठेवून बघायचं. वाचणाऱ्याची ओळ सुटली की जो आधी "राह्यलं" म्हणेल त्याला ते पुढे बसवायचे. मी बहुतेक पुढेच बसायचे.

मास्तर आले तेव्हा त्यांच्या शेरवानीच्या बाहीला खडू लागलेला होता. त्यांनी वही हातात घेतली, पहिलं पान बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. अक्षर त्यांनी ओळखलं असणार, त्यांनीच वळवलेलं होतं.

"क्या है ये?" अमीननं विचारलं.

"कुछ नहीं साहब. औरतों ने कौनसे किस्से पढ़े, उसकी फेहरिस्त है."

"पढ़ के सुनाव."

मास्तर वाचून उर्दूत अर्थ सांगू लागले. नंबर एक. एक राजा की बेटी का किस्सा. चार दिन. अच्छा लगा. नंबर दो. सफर का बयान. छह दिन. ठीक है. ते सावकाश, अगदी शाळेतल्या आवाजात वाचत होते. शिपाई कंटाळून जांभया देऊ लागले होते. मी मायच्या मागे उभी होते आणि ऐकत होते. प्रत्येक वेळी तिसऱ्या रकान्यावरून ते पाचव्यावर जात होते. नंबर सात. नंबर आठ. अमीननं बूट खाली टेकवले, तो उठायच्या बेतात होता.

मी म्हणाले, "मास्तर, चौथा रकाना राह्यला."

असं का म्हणाले, याची मी स्वतःला इतक्या वेळा उत्तरं दिली आहेत की आता त्यातलं खरं कोणतं ते मलाही सांगता येत नाही. कधी वाटतं, वर्गातली सवय तोंडातून निघून गेली. कधी वाटतं, मी घाबरले होते आणि लपवाछपवी उघडी पडली तर आप्पांना मारतील असं मनात आलं. आणि कधी, हे लिहायला जड जातं, असं वाटतं की माझी इतकी नीट भरलेली यादी कोणी अर्धीमुर्धी वाचून दाखवावी हे मला सहन झालं नाही. तिन्ही असतील. पण तोंडातून निघाल्याबरोबर मास्तरांचा चेहरा मी पाहिला, आणि त्याच क्षणी मला कळलं की ते चुकून सोडत नव्हते.

"क्या बोली लड़की?"

"कुछ नहीं साहब. बच्ची है."

अमीन उठून माझ्यापुढे आला. आवाज चढवला नाही. "काय राह्यलं, बेटा? तू वाच."

वही माझ्या हातात आली. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिनं मान हलवली की नाही ते मला आजही सांगता येत नाही. मी वाचलं. मैनाबाई कासारीण. पुढच्या ओळीला, मैनाबाई कासारीण. तिच्या पुढच्या, मैनाबाई. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. तीस ओळी मी वाचल्या. एकतिसावं पुस्तक चुलीत होतं, त्याचा रकाना तेवढा कोरा होता.

अमीननं वही बंद करून शिपायाकडे दिली. मग वळून करीम मास्तरांच्या कानाखाली मारली, इतक्या जोरात की त्यांची टोपी अंगणात ज्वारीच्या ढिगावर जाऊन पडली. मास्तरांनी ती उचलली, झटकली आणि हातातच धरून उभे राहिले.

मैनाबाईला त्यांनी वेशीजवळच्या तिच्या घरातून नेलं. टोपली लाथेनं उलटी केल्याचं लोकांनी सांगितलं. बांगड्यांच्या काचा तिथल्या वाटेवर कितीतरी दिवस चमकत होत्या आणि आम्ही पोरं अनवाणी असल्यामुळे वळसा घालून शाळेत जायचो. म्हणजे बाकीची पोरं जायची. माझी शाळा आप्पांनी त्याच दिवशी बंद केली. शाळेत शिकवायला नवा मास्तर आला, कारण करीम मास्तरांना कामावरून काढलं होतं.

त्या दुपारी आम्ही अंगणातली ज्वारी माती पाखडून परत भरत होतो. वहिनी माझ्या समोर बसली होती. सूप खाली ठेवून तिनं विचारलं, "तो रकाना तुम्ही भरला होता?"

"हो."

"मी नको म्हटल्यावरही?"

"हो."

"सगळा?"

"सगळा."

तिनं सूप उचललं आणि पाखडायला लागली. ती मला रागावली नाही, पुढेही कधी नाही. पण तिनं मला पुन्हा काही लिहायला दिलं नाही, आणि घरात मोठ्यानं वाचणं त्या दिवसापासून बंद झालं. एकदाच, दोन-तीन महिन्यांनी असेल, माय भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्या जळाल्या पुस्तकात, ती बाई घर सोडून निघाल्ती ना, ती मंग कुठं गेली असंल?"

मैनाबाई दीड महिन्यानं परत आली. चालत आली. मी तिला वेशीतून येताना धाब्यावरून पाहिलं. पहिल्यांदा ओळखलंच नाही, कारण डोक्यावर टोपली नव्हती आणि ती वाकून चालत होती. उजव्या हाताची बोटं तिला वळवता येत नव्हती. कासारणीचं सगळं काम त्या बोटांचं असतं. समोरचीचा पंजा दाबून, हाडं जवळ आणून, काच सरकवायची. ते तिच्याकडून पुन्हा झालं नाही. तिच्याकडून त्यांना काय हवं होतं ते उघड होतं, अण्णा कुठे आहे आणि चिठ्ठ्या कोणाला जातात. तिनं काही सांगितलं असतं तर आमची वहिनी घरात राहिली नसती. वहिनीला न्यायला कोणी आलं नाही, त्यावरून आम्हाला कळलं.

पावसाळा सरता सरता राज्य बदललं. हिंदुस्थानचं सैन्य आलं, निजामाचा अंमल संपला. अमीन कुठे गेला कोणाला कळलं नाही. आणि त्या आठवड्यात जे झालं त्याबद्दल आमच्या भागातली माणसं अजूनही आवाज खाली आणूनच बोलतात. बाहेरून टोळकी आली, आमच्या गावातलेही त्यात मिसळले, आणि मुसलमानांची घरं फुटली. कोण कसा वागला होता हे कोणी विचारत बसलं नाही. वहिनी आप्पांपुढे कधी उभी राहून बोलली नव्हती, ती त्या दिवशी बोलली. "मास्तरांनी आपल्यासाठी मार खाल्ला. त्यांच्या घरी ओली बाळंतीण आहे." आप्पांनी गाडी जुंपली आणि गेले. तासाभरानं रिकामी गाडी घेऊन परत आले, बैल सोडले आणि हात-पाय न धुताच ओट्यावर बसले.

"घर उघडं हाय," ते म्हणाले. "कोनी न्हाई. परातीत पीठ मळून ठेवलंय."

एवढंच. कोणी म्हणालं ते रातोरात जालन्याला गेले, कोणी म्हणालं सरहद्दीपार, कोणी तिसरंच सांगितलं आणि सांगताना नजर चुकवली. पुढे आयुष्यभर मी औरंगाबादेत, जालन्यात, जिथे कोणी जुने मास्तर भेटले तिथे विचारत आले. खात्रीचं काही कळलं नाही.

अण्णा परत आला. त्याला हार घातले, मिरवणूक काढली. पुढे सत्कार झाले, ताम्हणात नारळ आले. अण्णा वाईट माणूस नव्हता. त्यानं स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीसाठी मैनाबाईचं नाव दोन-तीनदा वरच्या लोकांना सांगितलं, पण तिच्याकडे दाखवायला कागद काहीच नव्हता, आणि हात दाखवून होत नाही असं तिथल्या कारकुनानं सांगितलं. मग तोही थांबला.

आता मी जालन्याला धाकट्या मुलाकडे राहते. नात महाविद्यालयात शिकवते. वर्ष संपत आलं की ती आणि तिच्या मैत्रिणी या वर्षी किती पुस्तकं वाचली त्याच्या याद्या एकमेकींना दाखवतात. "आजी, तू पण कर ना," म्हणते. मी वाचते भरपूर, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर तर अधिकच. पण लिहून ठेवत नाही. तिला वाटतं मी आळस करते.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी सोळा पुरी केलेली. चुडा भरायला मायनं दुसऱ्या गावची कासारीण बोलवायचं ठरवलं होतं, पण वहिनी म्हणाली, मैनाबाईच्याच घरचा चुडा पाहिजे. मैनाबाई सुनेला घेऊन आली. भरायचं काम सून करणार होती, मैनाबाई शेजारी बसून हिरव्या माळांतून माझ्या मापाच्या बांगड्या डाव्या हातानं निवडून देत होती. डाव्या हातात चार-पाच भरून झाल्या आणि सून पाणी प्यायला आत गेली. खोलीत आम्ही दोघीच राहिलो. चार-साडेचार वर्षं मी हे बोलायचं म्हणत होते.

"मावशी," मी म्हणाले, "तुमचं नाव मी वाचून दाखवलं होतं."

"म्हाईत हाय." तिनं वर पाहिलं नाही. "अमीनानं पयल्याच दिशी सांगितलं. वही दाखवली मला. म्हनला, पोरीनं लिवलंय. म्या म्हनलं, मला कुठं वाचता येतंय."

"मंग तुम्ही कधी काही म्हणाला न्हाईत."

"कुनाला म्हनू? तुला? लेकरू व्हतीस." ती एक बांगडी उजेडाकडे धरून बघत राहिली, तडा आहे का ते. "लई दिवस शिव्या दिल्या तुला. मनात. तिथं असताना बी आन घरी आल्यावर बी. भाकर तोडता येईना, तवा सून भरवायची, तवा तर लई. तुझं वाटोळं व्हावं म्हनलं मी. खोटं कशाला बोलू आज." मग तिनं ती बांगडी बाजूला ठेवली. "मंग थकले. आता काई न्हाई. बरं बी न्हाई आन वाईट बी न्हाई."

मला रडायला येत होतं आणि तिच्यापुढे रडण्याचा आपल्याला हक्क नाही हेही कळत होतं. मी मान खाली घालून बसले. सून अजून आली नव्हती. मैनाबाईनं माझा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. न वळणाऱ्या बोटांचा पंजा तिनं माझ्या मनगटाखाली ठेवला, नुसता टेकू म्हणून, आणि डाव्या हातानं बांगडी माझ्या बोटांवरून चढवू लागली. काच अंगठ्याच्या हाडापाशी येऊन अडली. तिनं पुन्हा रेटून पाहिलं. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"हात ढिला सोड," ती म्हणाली. "ताठ धरून राह्यलीस, फुटंल."